धुरींचा फवारा आणि माझी गोळी

वसंत धुरी कामावर झोपले नव्हते. मी त्यांना झोपवलं होतं. हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं, आणि त्यांना सांगायला मी चार वर्षं लावली. आधी एवढं लिहून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल लिहिताना मला मधेच पळवाट सापडायला नको.

मुलुंडला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. पितळेच्या रिंगा बनतात, नळांच्या आणि पंपांच्या आत बसणाऱ्या. मी तिथे सुपरवायझर. धुरी शेवटचे तपासनीस. लेथवरून निघालेली प्रत्येक रिंग त्यांच्या टेबलावर यायची, त्यांच्या मायक्रोमीटरखालून जायची, आणि मग पेटीच्या चिठ्ठीवर त्यांचा गोल शिक्का पडायचा. तो शिक्का ते शर्टाच्या खिशात ठेवायचे, पेनाशेजारी. जेवायला जाताना टेबलावर विसरले आहेत असं एकदाही झालं नाही.

बुटकी, काटक मूर्ती. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट. दोन रुमाल, एक नाकाचा, एक हातांचा, आणि त्यांची अदलाबदल म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच. माणूस मूळचा मालवणकडचा. रागावला की मालवणीत जायचा, आणि दिवसातून चार वेळा तरी जायचा.

त्यांच्यावर चिडायला मला कारणं भरपूर होती. टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, शेठचा फोन, आणि धुरी हाताची घडी घालून बसलेले.

"धुरी, शेवटची पेटी तेवढी बघून टाका ना."

"गरम आहे."

"काय गरम आहे? कोमट पण नाही."

"हात लाव. तुझ्या हातापेक्षा गरम आहे की नाही? गरम माप खोटं माप. पितळ फुगतं, सुर्वे. आत्ता पास केलेली रिंग उद्या सकाळी लहान होऊन बसेल. मग शिक्का कोणाचा? माझा. थांब अर्धा तास."

"टेम्पो थांबत नाही हो."

"टेम्पोला पण बसव. चहा दे."

आणि अर्धा तास खरोखर थांबावं लागायचं. त्या अर्ध्या तासांचा मला फार राग यायचा. त्यांच्या शिक्क्याची एक पेटी कधी परत आली नाही, हे त्या रागात कुठे धरलं जात नसे.

आमच्या गेटपाशी ओळीने सप्तपर्णीची झाडं आहेत. दिवाळीच्या आगेमागे ती फुलली की त्या उग्र वासाने डोकं उठतं, आणि गाळ्यातली निम्मी माणसं शिंकायला लागतात. दोष झाडांचा की समोर पाडलेल्या इमारतीच्या धुळीचा, यावर दरवर्षी वाद. धुरींचा त्रास सगळ्यांत जुना. पण त्यांचा बंदोबस्त गणपती गेले की सुरू व्हायचा, झाडाला कळीही नसताना.

सकाळी आठ वीसला ते बेसिनपाशी जायचे. भिंतीवर आरशाचा एक तुकडा त्यांनीच चिकटवला होता. आधी नाक शिंकरायचं. मग नाकात मारायच्या फवाऱ्याची बाटली हलवायची. मान किंचित खाली. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, आणि नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नाही, तर बाहेरच्या बाजूला, त्या बाजूच्या डोळ्याच्या रोखाने. एक दाब. हलका श्वास. जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात. या वेळात कोणी बोललेलं त्यांना चालत नसे.

"शूऽऽ, धुरीभाऊंची पूजा चालू आहे," लेथवरचा मोरे म्हणायचा. "प्रसाद मिळेल काय?"

धुरी आरशातूनच त्याच्याकडे बघायचे. दुसरी नाकपुडी झाली की उत्तर. "तुका नाय मिळूचो. तुझो प्रसाद तो रात्रीचो."

मला अ‍ॅलर्जी चाळिशीनंतर लागली. मी गोळ्यांचा माणूस. शिंका आल्या की गोळी, थांबल्या की विसरायचं. एकदा धुरींनी मला टेबलासमोरच्या स्टुलावर बसवलं, जणू मी तपासायला आलेली पेटी.

"नाक वाहतं की चोंदतं?"

"दोन्ही."

"जास्त काय?"

"चोंदतं. रात्री तोंडाने श्वास घेतो."

"डोळे खाजतात?"

"कधी कधी."

"मग गोळी कशाला गिळतोस मेल्या? ऐक. शिंका, खाज, पाण्यासारखं वाहणं, याला गोळी चांगली. तास-दीड तासात काम. पण रोज चोंदणाऱ्या नाकाला ती काय करणार? गोळी म्हणजे पाहुणा. येतो, गोड बोलतो, दुसऱ्या दिवशी जातो. फवारा घरचा माणूस. आठवडाभर कळत पण नाही करतो काय ते. पण घर तोच चालवतो."

हे सगळं त्यांना कान-नाक-घशाच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यांचीच चिठ्ठी धुरींनी लॅमिनेट करून ठेवली होती. मीही डॉक्टरकडे जाऊन फवारा आणला. चौथ्या दिवशी रुमालावर रक्ताचा ठिपका आला. मी तो त्यांच्यासमोर आपटला.

"हे बघा तुमचा घरचा माणूस. नाक तसंच, आणि वर हे."

"किती दिवस झाले?"

"चार."

"चार! लग्न होऊन चार दिवस झाले आणि विचारतोयस पोर कुठे? आणि मारलास कसा? दाखव."

मी दाखवलं. ते कपाळाला हात लावून बसले.

"सरळ पडद्यावर मारतोस! भोक पाडायचंय काय त्याला? बाहेरच्या बाजूला, बाहेरच्या! दहा वेळा सांगितलं. तुम्हाला सगळं टेम्पोसारखं पाहिजे. भरला की निघाला."

मी फवारा ड्रॉवरमध्ये टाकला आणि गोळ्यांवर परत आलो. धुरी महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. इतरांनाही ते असंच पकडून शिकवायचे, आणि इतरही असेच चार दिवसांत सोडायचे. त्यांना ते फार लागायचं. नीट सांगितलेली गोष्ट माणूस नीट का करत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

गोळीशी त्यांचं वैर नव्हतं, हे सांगायला हवं. वैर होतं ते कात्रीशी. स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये एकदा मी त्यांच्यासोबत होतो. पुढच्या बाईंनी दोन गोळ्या मागितल्या. दुकानदाराने पट्टी कापली आणि नाव नि तारीख असलेलं टोक आपल्याकडे ठेवून उरलेला तुकडा पुडीत टाकला. धुरी मधे पडले.

"ओ शेठ, नाव ठेवलंत कुठे?"

"काका, उरलेल्या विकायला नाव लागतं मला."

"आणि खायला लागत नाही? ही बाई घरी डब्यात टाकेल. सहा महिन्यांनी कोणाला ताप आला की हीच देईल. झोपेची कुठली, पित्ताची कुठली, सगळ्या पांढऱ्या!"

"काका, लाइन बघा मागे."

"लाइन बघतोच आहे. या सगळ्यांच्या घरी तसला डबा आहे."

रांग खरंच रस्त्यापर्यंत गेली होती. मी खाली मान घालून उभा. शेवटी दुकानदाराने पुडीवर पेनाने नाव लिहिलं, तेव्हा धुरी हलले. गाळ्यातल्या औषधाच्या पेटीतही प्रत्येक तुकड्यावर त्यांनी कागदी टेप लावून नाव लिहिलं होतं, शाळेतल्या वहीवर लिहावं तसं.

त्या वर्षी दिवाळीआधी त्यांचा भाऊ गावी वारला. पंधरा-सोळा दिवस ते तिकडेच होते, आणि त्या गडबडीत फवारा मुलुंडलाच राहिला. परतले तेव्हा सप्तपर्णी ऐन भरात. पहिल्याच दिवशी त्यांनी फवारा पुन्हा सुरू केला, पण घरच्या माणसाला घर ताब्यात घ्यायला आठवडा लागणार होता, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं गाळा बघायला यायची होती.

त्या सकाळी धुरी नुसते शिंकत होते. मायक्रोमीटर धरला की शिंक. डोळ्यांतून पाणी. रिंग तीन-तीनदा मोजत होते. मी घड्याळ बघत होतो.

"धुरी, आज तरी गोळी घ्या."

"घेतो. आजच्या दिवसाला गोळीच बरी. पण पेटीतली संपली. पोराला पाठवू मेडिकलमध्ये?"

"माझ्याकडे आहे ना."

मी पाकीट काढलं. त्यात पट्टीचा दोन गोळ्यांचा तुकडा होता. त्यांनी तो घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"नाव कुठे?"

"अहो कापलंय. माझीच आहे. नवीन प्रकारची, झोप येत नाही हिने."

"नक्की?"

"मी रोज घेतो हो! घ्या आता, ती माणसं टपकतील एवढ्यात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कोमट रिंगेवर शिक्का न मारणारा हा माणूस. त्याने बिननावाची गोळी माझ्या शब्दावर तोंडात टाकली आणि वर पाणी घेतलं. तेव्हा साडेनऊ वाजले होते.

अकराच्या सुमारास शेठ पाहुण्यांना घेऊन आत आले. मी मागे होतो. शेठ कौतुकाने म्हणत होते, "आणि हे आमचे धुरी, यांच्या हाताखालून गेल्याशिवाय..." आणि थांबले. धुरींची हनुवटी छातीवर टेकली होती. डाव्या हातात रिंग, उजव्यात मायक्रोमीटर. तोंड थोडं उघडं. पाहुण्यांपैकी एकाने घसा खाकरला. तरी त्यांना जाग आली नाही. मोरेने खांदा हलवला तेव्हा ते उठले, आणि पहिलं काय केलं तर खिसा चाचपला. शिक्का होता.

दुपारी शेठने मला लिहायला लावलं. मी लिहिलं, "कामाच्या वेळेत झोपलेले आढळले." गोळीचं लिहिलं नाही. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की गोळीचा काय संबंध, ती झोपेची नव्हतीच. धुरींनी कागद वाचला, म्हणाले, "झोपलो तर झोपलो," आणि सही केली. शिक्का टेबलावर ठेवला. उद्यापासून पॅकिंग.

संध्याकाळी मी घरी जाऊन औषधांचा डबा ओतला. मन नको म्हणत असताना ओतला, असंच म्हणायला पाहिजे. पट्टीचं उरलेलं टोक सापडलं. नाव वाचलं. माझी गोळी ती नव्हतीच.

"ही कुठली गं?" मी बायकोला विचारलं.

"ती होय? बाबांना खाज सुटून रात्रभर झोप लागत नव्हती ना, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली. जुनी आहे, फार गुंगी येते तिने. का रे?"

"काही नाही," मी म्हणालो.

ते टोक मी पाकिटात ठेवलं. उद्या सकाळी शेठना दाखवायचं ठरवलं. सकाळी शेठ चिडलेले होते. परवा ठरवलं. परवा पगारवाढीची यादी होती. मग दिवाळी आली. मग बोलायचं तर एवढे दिवस गप्प का होतास हे आधी सांगावं लागणार होतं, आणि तो प्रश्न रोज एका दिवसाने मोठा होत होता.

धुरींनी मला एकदाही गोळीबद्दल विचारलं नाही. नवीन प्रकारची, झोप न आणणारी, असं मी सांगितलं होतं, आणि ते त्यांनी मोजून झालेल्या मापासारखं धरलं. म्हणजे दोष दुसरीकडे कुठेतरी असणार. त्यांनी तो शोधायला सुरुवात केली. रक्त तपासलं, साखर तपासली. काही निघालं नाही. "वय झालं रे, सुर्वे. बसल्या बसल्या विझलो मी, कळलंपण नाही." पॅकिंगमध्ये ते स्टुलावर चढेनासे झाले. सायकल पुतण्याला दिली. आणि एक दिवस आठ वीसला बेसिनपाशी कोणी नव्हतं.

"फवारा?" मी विचारलं.

"बंद केला. एवढी वर्षं मारत होतो, त्यानेच डोक्यात काही झालं असेल तर? कोणाला ठाऊक."

मोरे हसला. "बघा, शेवटी घरचाच माणूस चोर निघाला!"

धुरींनी नाकाच्या रुमालाने हात पुसले. मी तिथेच उभा होतो, पाकीट मागच्या खिशात. तेव्हाही बोललो नाही. मला स्वतःचा इतका संताप यापूर्वी किंवा यानंतर कधी आला नाही, आणि तो सगळा मी त्या दिवशी मोरेवर काढला, दोन रिंगा खराब केल्याबद्दल.

चार महिन्यांत त्यांनी काम सोडलं.

या वर्षी दसऱ्यानंतर भाजीबाजारात धुरीवहिनी भेटल्या. दोन पिशव्या, एकट्या.

"धुरी नाही आले?"

"ते कुठे एकटे-दुकटे बाहेर पडतात आता. रस्त्यात झोप लागली तर, म्हणतात. चार वर्षांत एकदा लागली नाही हो भावजी, डॉक्टर पण म्हणतात काही नाही. पण त्यांच्या मनातून जात नाही. दिवसभर खिडकीत बसून शिंकतात."

मी त्यांच्या पिशव्या रिक्षात ठेवल्या. पुढच्या रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. पहिला मजला, खाली रस्ता, रस्त्यापलीकडे मेडिकल. धुरी खिडकीशीच होते. नाक चोंदून आवाज बदललेला. "ये. सुर्वे ना? बस."

मी पाकिटातून ते टोक काढून त्यांच्या हातात दिलं. कडा झिजल्या होत्या, नाव वाचता येत होतं. काय झालं ते सांगितलं. बोलताना मी त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होतो.

बराच वेळ ते टोक लांब धरून वाचत होते. मग विचारलं, "किती वाजता दिलीस?"

"साडेनऊला."

"आणि मी झोपलो कधी?"

"अकराला."

"दीड तास." त्यांनी मान हलवली. मग आत बघून हाक मारली, आवाज चिरकला. "ऐकलंस गो? माझा काय चुकला नव्हता! गोळी होती ती! गोळी!"

वहिनी दारात आल्या, हात पिठाचे. त्यांनी धुरींकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे तसं कोणी कधी बघितलेलं नाही.

"लिही," धुरी म्हणाले.

"काय?"

"हेच. तोंडी माप चालत नाही. तिथे लिहून दिलंस ना, मग हे पण लिही. कागद दे गो याला."

मी लिहिलं. गोळी मी दिली. तिचं नाव कापलेलं होतं. झोप येणार नाही असं मीच सांगितलं. ती झोप आणणारी होती, हे मला नंतर समजलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"नंतर म्हणजे कधी?"

मी पेनाला टोपण लावलं.

"सुर्वे. नंतर म्हणजे कधी?"

"त्याच संध्याकाळी."

बोट तिथेच राहिलं. त्यांचा श्वास तोंडाने चालला होता, तो मला कानाशी ऐकू येत होता.

"मग ते लिही."

मी "नंतर" खोडलं आणि "त्याच दिवशी संध्याकाळी" लिहिलं. खाली लिहिलं, धुरींची काहीही चूक नाही. सही केली.

"नाव पूर्ण."

दिलीप गणपत सुर्वे, असं लिहिलं. याची एक प्रत उद्या शेठच्या टेबलावर ठेवतो, म्हणालो. तोवर वहिनींनी कपाटातून फवाऱ्याची जुनी बाटली शोधून आणली होती. धुरींनी ती फिरवून बघितली.

"तारीख गेली."

"मी आणतो खालून," मी उठलो.

"तू नको."

ते उभे राहिले. खुंटीवरचा शर्ट चढवला, लॅमिनेट केलेली चिठ्ठी खिशात घातली, चपला पायात सरकवल्या. "येऊ सोबत?" वहिनींनी विचारलं. त्यांनी नुसती मान हलवून नको म्हटलं आणि जिन्याला लागले. कठड्याला हात होता, पण पाय थांबत नव्हते. मी मागोमाग तीन पायऱ्या उतरलो.

"धुरी, चुकलो मी. तेव्हापण चुकलो, आणि नंतर रोज. माफ करा मला."

ते वळले नाहीत. "आत्ता गरम आहे," म्हणाले. "राहू दे."

मी तिथेच उभा राहिलो. जिन्याच्या जाळीतून रस्ता दिसत होता. धुरींनी एका बाजूला बघितलं, दुसऱ्या बाजूला बघितलं, एक रिक्षा जाऊ दिली आणि एकटे पलीकडे गेले. काउंटरवर दुकानदाराने खोका पुढे ठेवला. त्यांनी तो लगेच खिशात टाकला नाही. हात लांब करून धरला, आणि चारही बाजूंनी वाचायला लागले. मागे दोन माणसं येऊन थांबली होती.